पेढीची घरं करताना: नव्या पेठेतल्या एका रिकाम्या इमारतीचं प्रकरण

सोलापुरात नवी पेठ, चाटी गल्ली, फलटण गल्ली या भागात सणासुदीला पाय ठेवायला जागा नसते. पण मान वर केली की वेगळंच दिसतं. दुकानांच्या फ्लेक्सच्या वर दगडी कमानी, लोखंडी कठड्याचे सज्जे, आणि त्यामागे वर्षानुवर्षं न उघडलेली दारं. खाली चौरस फुटाला पागडी मोजणारी पेठ वरचे दोन-दोन मजले कबुतरांना देऊन मोकळी झाली आहे.

हे प्रकरण अशाच एका इमारतीचं. नाव, गल्ली, मालक सांगत नाही. त्या पट्ट्यातल्या दोन-तीन इमारतींची लक्षणं एकत्र करून ही इमारत उभी केली आहे, आणि मोजमापं व रुपये हिशेब कळावा म्हणून धरलेले गोल आकडे आहेत. घरातले लोक तिला अजून ‘पेढी’ म्हणतात, म्हणून इथेही तेच.

पेढी का बांधली गेली हे सोलापूरकराला सांगायला नको. १८६०मध्ये रेल्वे आली, १८७७मध्ये पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेलेली कापडगिरणी सुरू झाली, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम. गिरण्या गावाच्या कडेला, पण त्यांचा व्यवहार पेठेत. कापसाचे अडते, सुताचे व्यापारी, वाहतुकीचे एजंट, विमेवाले यांना बसायला जागा लागायची. खाली दुकान, वर गादी-तक्क्याची पेढी, त्यावर कारकून आणि दप्तर. गिरण्या बंद पडत गेल्या तशी वरची गिऱ्हाइकं पांगली. शेवटचं मोठं कार्यालय एका विमा कंपनीचं होतं. लिफ्ट नाही, पार्किंग नाही म्हणून तेही होटगी रोडच्या बाजूला गेलं. त्या दिवसापासून वर कुलूप.

इंद्रभुवनाची गोष्ट इथे आठवते. अप्पासाहेब वारदांचा तो वाडा राहण्यासाठी बांधलेला, पुढे तिथे महापालिकेचा कारभार आला. घराचं ऑफिस आपल्याकडे सहज होतं. ऑफिसचं घर करायला निघालं की मात्र वेगळेच प्रश्न पुढे येतात.

नोटीस

प्रकरणाला तोंड फुटलं ते धोकादायक इमारतीच्या नोटिशीनं. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली अशी नोटीस निघते: दुरुस्त करा, नाहीतर उतरवा. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला संरचनात्मक तपासणीचा दाखला लागतो तो २६५-अ खाली. तो कुणी काढलेला नव्हता.

नोटीस लागली त्या संध्याकाळी खालचे चारही दुकानदार थोरल्या भावाकडे आले. त्यातले जुने कापड दुकानदार म्हणाले, “अण्णा, नोटीस तुम्हीच आणली म्हणून सगळी पेठ बोलायलीय.”

“मी कशाला आणू? वरचं छत माझंच गळतंय की.”

दोघंही आपापल्या जागी खरे होते. पेठेत अशी नोटीस म्हणजे भाडेकरू काढायची सगळ्यांत स्वस्त वाट, हा समज उगाच नाही. आणि पेढीच्या बाबतीत ती खरोखर इमारतीच्या अवस्थेमुळे आली होती, हेही तितकंच खरं.

मालकी तीन भाऊ आणि एका बहिणीची. मिळकत पत्रिकेवर नाव अजून वडिलांचं. २००५च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, त्यामुळे पुण्यातल्या ताईंच्या सहीशिवाय काहीही हलणार नव्हतं. भावांनी हक्कसोडपत्राचा विषय काढला. ताईंनी फोनवर एवढंच विचारलं, “सोडायचा असेल तर कशासाठी सोडायचा, ते आधी ठरवा. पाडायला सही देणार नाही.” वारसनोंद व्हायला मग बराच काळ गेला. त्याच्या तपशिलात शिरत नाही, कोणत्याही पेठेत हेच घडतं.

पाडायचं का?

एका बिल्डरचा प्रस्ताव तयार होता. पाडा, खाली दुकानं, वर फ्लॅट, कुटुंबाला निम्मी जागा. कागदावर देखणा.

त्यात दोन भोकं होती. प्लॉट १४ मीटर रुंद, ४२ मीटर खोल. पेढी त्यातली पुढची ३० मीटर व्यापते, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना भिंत लावून, रस्त्याच्या कडेला टेकून. म्हणजे एका मजल्याला ४२० चौरस मीटर. पाडून नवी इमारत म्हटली की डिसेंबर २०२०पासून लागू असलेली एकात्मिक नियमावली, सगळे जिला यूडीसीपीआर म्हणतात, ती लागते. दाटवस्तीला तिच्यात थोडी मोकळीक आहे. तरी रस्तारुंदीची रेषा समोरून एक पट्टा खाते, मोकळी सोडायची जागा आणि पार्किंग आणखी खातं. तळमजला, जिथे पेठेतली सगळी किंमत आहे, तोच आक्रसतो. जुन्या इमारतीनं व्यापलेली जागा जुन्या इमारतीलाच मिळते.

दुसरं भोक चार दुकानांचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ या चौघांना लागू. भाडं महिना काही शे रुपये, वाढ वर्षाला चार टक्के. वर विमा कंपनी होती तिला हे संरक्षण नव्हतं. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या या कायद्याबाहेर आहेत. म्हणून वरचा मोठा भाडेकरू सहज गेला आणि खालचे लहान हलणार नव्हते. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून मागता येते, पण काम झाल्यावर त्याच भाडेकरूला परत बसवण्याचा हक्क कायद्यात आहे. पाडण्यासाठी मागितली तर कोर्टात किती वर्षं जातील याचा अंदाज बिल्डरच्या तक्त्यात नव्हता. त्यानं ‘रिकामा ताबा’ हा रकाना भरलेलाच धरला होता.

दुकानदार अडथळा आहेत, असं कुटुंब तोवर समजत होतं. माझ्या मते त्यांच्यामुळेच इमारत वाचली. पाडणं बारगळलं आणि वरच्या दोन मजल्यांची घरं करायचा विचार पुढे आला.

भिंतीत काय निघालं

पुढची भिंत दोन फूट जाड, काळ्या दगडाची. आतल्या भिंती विटांच्या, चुन्यात. मजले गर्डर-कमानीचे, ज्याला जॅक आर्च म्हणतात: लोखंडी गर्डर साधारण मीटर-मीटरवर, मध्ये विटांची उथळ कमान, वर चुन्याचा कोबा आणि शहाबादी फरशी. दोन आडव्या भिंतींमुळे १४ मीटरच्या रुंदीचे साडेचार मीटरचे तीन गाळे झालेत, म्हणून गर्डर फार लांब नाहीत.

बाहेरून धडधडीत दिसणारी भिंत आत ओली होती. कधीतरी कुणीतरी चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा गिलावा चढवला होता. चुना श्वास घेतो, ओल येते आणि उडून जाते. सिमेंटनं ती कोंडली. छिन्नीनं हातभर तुकडा उडवला तेव्हा मागचा चुना ओल्या खडूसारखा बोटाला लागत होता, आणि वर पांढऱ्या मिठाची साय. तिथून एका रेषेत वर गेलं की संडासाचा गाळा. विमा कंपनीच्या काळात प्रत्येक मजल्याला एकच संडास, मागच्या कोपऱ्यात. त्याच्या खालच्या तीन गर्डरांचा तळपट्टा पापुद्रे सुटून कागदासारखा झाला होता. बाकी इमारतीतले गर्डर रंग खरवडला की आतून निळसर, घट्ट. नोटीस आली ती त्या एका कोपऱ्यामुळे.

दुसरी गोष्ट किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा धक्का सोलापुरात सगळ्यांनी अनुभवला. सोलापूर भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात मोडतं. पेढीच्या समोरच्या दोन्ही कोपऱ्यांत तेव्हाच्या तिरप्या भेगा आहेत, नंतर नुसत्या बुजवलेल्या. किल्लारीनं शिकवलं ते असं: जाड दगडी भिंत म्हणजे बहुतेकदा दोन पातळ भिंती आणि मध्ये भरलेला मुरूम-खडी. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नसतील तर धक्क्यात बाहेरचा पदर सुटून पडतो. इथे आरपार दगड होते, पण विरळ. गर्डर भिंतीत नुसते टेकवलेले, बांधलेले नव्हते. त्यामुळे मजल्याच्या पातळीवर चारी बाजूंनी लोखंडी पट्टा, गर्डरांना भिंतीशी धरणारे आडवे सळे, बाहेरून त्यांच्या बिल्ल्या, आणि भिंतीत जागोजाग नवे आरपार बंध, हे काम घरं करा किंवा न करा, लागणारच होतं.

भाराचा हिशेब मात्र दिलासा देणारा निघाला. भारतीय मानकात कार्यालयाच्या मजल्यावर चौरस मीटरला साधारण २५० ते ४०० किलो भार धरतात, दप्तर आणि कपाटं किती त्यावर. राहत्या घराला २००. म्हणजे मजल्याचं ओझं घरानं कमी होतं. लोकांना हे पटत नाही, कारण घरात जास्त सामान दिसतं. पण विमा कंपनीच्या फायलींचे रॅक ज्यानं उचलले असतील त्याला विचारा.

पाणी

आता खरा प्रश्न. मजल्यावर घराचं ओझं कमी, पण पाण्याचं ओझं घरातच जास्त, आणि सोलापुरात तर कैक पटीनं.

कार्यालयाला माणशी दिवसाला ४५ लिटर पाणी धरतात. साठ माणसांचे २,७०० लिटर. घराला माणशी १३५. वरच्या दोन मजल्यांत आठ घरं बसत होती. घरटी साडेचार माणसं धरली तर ४,८६० लिटर. शिवाय पहिल्या मजल्यावर रस्त्याकडे काढायचे दोन दवाखाने आणि खालची दुकानं यांतली तीसेक माणसं, त्यांचे १,३५०. गोळाबेरीज दिवसाला सुमारे ६,२०० लिटर, आधीच्या दुपटीहून जास्त.

पुण्यात हा आकडा वाचून वास्तुविशारद पुढच्या पानावर जाईल. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, उन्हाळ्यात उजनी धरणाची पातळी खाली गेली की त्याचाही भरवसा नाही. पाच दिवसांचे झाले ३१,००० लिटर, एखादी पाळी चुकली तर म्हणून ४०,००० धरले. चाळीस हजार लिटर म्हणजे चाळीस टन. ते ठेवायचं कुठे?

छतावर नाही, हे उघड होतं. तरीही पेठेतल्या कितीतरी जुन्या इमारतींच्या छतावर काळ्या टाक्यांची रांग दिसते. भाडेकरू वाढला की एक टाकी वाढते, कुणी गर्डर मोजत नाही.

मागच्या १२ मीटरच्या मोकळ्या जागेत जमिनीखाली टाकी घ्यायची ठरली. ५ मीटर बाय ४ मीटर, दोन मीटर पाणी. इथेही गोम आहे. जुन्या भिंतीचा दगडी पाया जेमतेम दीड मीटर खोल आहे, आणि टाकीचा खड्डा अडीच मीटर. पायापेक्षा खोल खणायचं तर जितकं जास्त खोल तितकं तरी त्याच्यापासून लांब राहायचं, हा साधा दंडक. वरच्या काळ्या मातीत तर त्याहून जास्त. त्यामुळे टाकी मागच्या बोळाकडे सरकली, इमारतीपासून पाच मीटर. तिथे जुना आड होता. तो बुजवायचा सल्ला दोघांनी दिला. तो ठेवला, कठडा बांधून जाळी बसवली आणि छताचं पाणी गाळून त्यात सोडायचं ठरलं. सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. ४२० चौरस मीटर छतावरून वाया जाणारं वगळून पावणेदोन लाखांवर लिटर मिळतात. इमारतीच्या महिनाभराच्या पाण्याइतकं. टँकरवाल्यांशी काडीमोड घेण्याइतकं नाही, पण आड भरलेला राहिला तर संडास आणि धुण्याचं भागतं.

वर फक्त दिवसाचं पाणी, ६,००० लिटर. तेही जुन्या छतावर नको म्हणून इमारतीला मागून चिकटून, पण स्वतःच्या पायावर उभा असा आरसीसीचा मनोरा घेतला. त्यात नवा जिना, प्रत्येक मजल्याला मागच्या घरांची न्हाणीघरं आणि डोक्यावर टाकी. जुनी भिंत आणि मनोरा यांच्यात दोन इंचांची फट, वर पत्र्याची झाकणी, म्हणजे धक्क्यात दोघं एकमेकांवर आदळणार नाहीत.

हे सगळं एवढं लांबण लावून सांगण्याचं कारण गर्डर-कमानीचा मजला आहे. नेहमीच्या इमारतीत न्हाणीघरासाठी स्लॅब खाली घेतात आणि वर वीट-तुकड्यांचा कोबा भरतात. पाऊण फूट कोबा म्हणजे चौरस मीटरला जवळपास साडेचारशे किलो, घराच्या धरलेल्या भाराच्या दुप्पट. आणि एकदा गळती लागली की त्या संडासाच्या कोपऱ्यासारखी गत. म्हणून नियम ठरला: जुन्या मजल्यावर एकही न्हाणीघर नको.

मागच्या घरांना मनोरा मिळाला. मधल्या आणि पुढच्या घरांचं काय? इथे पुन्हा तळमजला आला. पुढच्या घरांचं सांडपाणी उतरवायला एक उभी नाळ हवी होती आणि ती कापड दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातून खाली न्यावी लागत होती. दीड मीटर बाय एक मीटर जागा. कायद्यानं ती दुकानदाराची.

बोलणी महिनोन्महिने चालली असती, पण एक गोष्ट कामी आली. चारही दुकानांत संडास नव्हता. इतकी वर्षं दुकानदार आणि कामाच्या पोरी जवळच्या हॉटेलात किंवा घरी जात होत्या. नाळेच्या बदल्यात मागच्या जागेत दुकानांसाठी दोन स्वच्छतागृहं, वरून गळणार नाही अशी हमी, आणि भाडेपावती पुढच्या पिढीच्या नावावर करण्याचं लेखी वचन. कापड दुकानदारांच्या सूनबाईंनीच घरात हा विषय लावून धरला म्हणे. नाळ मिळाली. नाळेभोवती नव्या विटांच्या भिंती पायापासून उठवल्या आणि पुढच्या-मधल्या घरांची न्हाणीघरं त्यांच्यावर बसवली.

उजेड आणि उकाडा

तीस मीटर खोल इमारत, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत. कारकून ट्यूबलाइटखाली दिवस काढायचा, पण घराला खिडकी लागते. मधल्या गाळ्यात साडेचार बाय सहा मीटरचा चौक कापायचा ठरला, पहिल्या मजल्यापासून आकाशापर्यंत. दोन मजल्यांची मिळून ५४ चौरस मीटर जागा गेली. धाकट्या भावाला ते जड गेलं. त्यांनी काचेचं छप्पर घालून खाली जागा वापरू, असं सुचवलं. मे महिन्यात ४३-४४ अंशांत त्या काचेखाली काय होईल ते सांगितल्यावर विषय संपला.

चौक कापणं दिसतं तितकं सोपं नाही. विटांच्या कमानी एकमेकींना आडव्या रेटून धरतात. मधल्या पाच-सहा काढल्या की कडेच्या कमानीचा रेटा घ्यायला कुणी उरत नाही आणि गर्डर बाहेर फाकतो. म्हणून आधी कडेच्या तीन-तीन गर्डरांना आरपार सळ्यांनी एकत्र बांधायचं, नट आवळायचे, मग एकेक कमान हातानं उतरवायची. ब्रेकर बंद. उतरवलेली वीट तिथेच मागच्या कठड्याला आणि नाळेला वापरली.

उकाड्याबद्दल एक गैरसमज पक्का आहे की जुन्या जाड भिंती थंडच असतात. दिवसा असतात. दुपारभर खाल्लेली उष्णता आठ-दहा तासांनी आत सोडतात, म्हणजे नेमकी झोपायच्या वेळी. ऑफिसला हे सोयीचं होतं, संध्याकाळी कुलूप लागायचं. घराला उलट. त्यावर उपाय रात्रीची हवा: रस्त्याकडची उंच तावदानं आणि चौकाकडची झरोक्यासारखी वरची खिडकी, दोन्ही रात्री उघडी राहतील अशी, जाळी आणि गजांसकट. आणि छत. दुसऱ्या मजल्याचा निम्मा ताप छतातून येतो. जुना कोबा काढून नवा चुन्याचा कोबा, वर पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी. एवढं केलं तर कूलरवर भागतं.

आग

खाली कापडाचं दुकान, वर झोपलेली माणसं. या एका वाक्यात अग्निशमन विभागाचे सगळे आक्षेप येतात. त्यातून पोटमाळ्यावर छताला टेकेपर्यंत गठ्ठे. उघडं लोखंड साडेपाचशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावतं. कापडाच्या आगीत ते तापमान गाठायला वेळ लागत नाही.

पेढीचा मूळ जिना लाकडी आणि एकच. तो देखणा आहे, सागवानी, कठड्यावर कोरीवकाम. तो ठेवला, पण सुटकेचा मार्ग म्हणून धरला नाही. मनोऱ्यातला नवा जिना मागच्या बोळात उतरतो. दुकानांच्या छताच्या गर्डरांना जाळी मारून जाड आगरोधक गिलावा, तळमजल्याला स्प्रिंकलर, पोटमाळ्यावर माल ठेवायला बंदी. शेवटच्या अटीवर दुकानदारांची सही घेतली आहे. ती दिवाळीच्या आधीच्या महिन्यात पाळली जाईल का, याची मला शंका आहे. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते नुसतं सही-शिक्क्याचं न राहता त्या माणसानं पोटमाळ्यावर चढून पाहिलं पाहिजे.

बाकी परवानग्यांत वापरबदल, महावितरणचे घरगुती आणि व्यापारी मीटर वेगळे, मिळकत कराची फेरआकारणी. पार्किंग देता येत नव्हतं, मागे आठ दुचाकी कशाबशा बसतात. वारसा म्हणून नोंद असेल तर सवलतीची वाट खुली असते, म्हणून कुटुंबानं वारसा यादीला विरोध करण्याऐवजी स्वतःहून अर्ज केला. पेठेत हे जवळपास कुणी करत नाही. यादीत नाव लागलं की खिळाही ठोकता येणार नाही, अशी भीती घातलेली असते. तिसऱ्या श्रेणीत आतले बदल करता येतात.

पैसा

वरच्या दोन मजल्यांचं क्षेत्र चौक वजा जाता सुमारे ८,४६० चौरस फूट. मजबुतीसकट दुरुस्ती-सजावटीचा दर १,७०० रुपये धरला तर १ कोटी ४४ लाख. मनोरा ३१ लाख. टाकी, सांडपाणी, आग यांचे २० लाख. एकूण १ कोटी ९५ लाख.

उत्पन्न: आठ घरं, सरासरी दहा हजार भाडं. पहिल्या मजल्यावर रस्त्याकडे दोन दवाखाने, प्रत्येकी बावीस हजार. महिन्याला १ लाख २४ हजार, वर्षाला १४ लाख ८८ हजार. कर, देखभाल, रिकामे महिने यांचा चौथा हिस्सा काढला की ११ लाख १६ हजार उरतात. गुंतवणुकीवर पावणेसहा टक्क्यांच्या आत.

बँकेचं कर्ज नऊ-दहा टक्क्यांनी. म्हणजे कर्ज काढून हे करू नये. प्रस्ताव आणणारे सल्लागार इथे ‘मालमत्तेची वाढती किंमत’ हा रकाना घालून आकडा सजवतात. जी मालमत्ता विकायचीच नाही तिची वाढती किंमत हप्ता भरत नाही. काही घरं विकून भांडवल उभं करायचा विचार झाला. विक्री आली की खरेदीखतं, सोसायटी किंवा अपार्टमेंट, आणि खाली पागडीचे चार भाडेकरू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेणारा माणूस, हे सगळं एकदम येतं. तो विचार मागे पडला. सगळी घरं भाड्यानं, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर. विक्री नाही, त्यामुळे महारेराची नोंदणीही नाही.

राहणार कोण? कुटुंबाला वाटत होतं, पेठेत आता कोण येणार, सगळे जुळे सोलापूर आणि विजापूर रोडला. गाडी असलेलं कुटुंब येणार नाही, हे खरंच. पण शिकाऊ डॉक्टर, बदलीवर आलेले बँकेचे आणि रेल्वेचे लोक, दुकानाच्या वर राहू इच्छिणारे व्यापारी, आणि रोज चालत सिद्धेश्वराला जाणारी वयस्क जोडपी, यांना पेठ सोयीची. शेवटच्यांसाठी लिफ्ट लागेल. मनोऱ्यात तिची जागा सोडली आहे, यंत्र नंतर. कर्नाटकातून आणि धाराशिवकडून येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना दिवसाच्या भाड्यानं खोल्या द्यायचा मोह मधल्या भावाला होता. तो लॉजिंगचा वापर होतो, परवाना वेगळा, पाणी दीडपट. नकार.

ठरलं ते

टप्प्यानं करायचं. पहिल्या टप्प्यात मजबुती, मनोरा, टाकी, सांडपाणी, आणि रस्त्याकडचे दोन दवाखाने. दवाखान्यांना पाणी कमी आणि भाडं जास्त, म्हणून ते आधी. मनोरा आणि सेवांचे ५१ लाख, दवाखान्यांच्या १,३६० चौरस फुटांचे २३ लाख, सडलेले गर्डर बदलणं आणि उरलेल्या इमारतीची मजबुती यांचा वाटा वरून वेगळा. हा पैसा कुटुंबाच्या ठेवींतून. दुसऱ्या टप्प्यात पहिल्या मजल्यावरची तीन घरं, त्यातलं मागचं एक ताईंच्या नावे. त्यांनी भाड्याच्या हिश्शाऐवजी तेच मागितलं. सही त्यानंतर झाली.

कामाचं वेळापत्रक पेठेनं ठरवलं. मालाची गाडी आणि मलबा रात्री दहानंतर. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत जानेवारीत रस्ते नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे, तेव्हा काम बंद. दिवाळीआधीचे दोन महिने दुकानांच्या छताला हात लावायचा नाही, आणि एका वेळी एकाच दुकानावरचा गाळा उघडायचा. ठेकेदारानं या अटी पाहून दर वाढवून मागितला आणि तो द्यावा लागला.

दुसऱ्या मजल्यावरच्या पाच घरांचं आत्ता ठरवलेलं नाही. टाकीच्या तोंडाशी आणि प्रत्येक घराला वेगळं पाण्याचं मीटर बसवलंय. पहिल्या तीन घरांचा एका पूर्ण उन्हाळ्याचा वापर आणि नळाच्या पाळ्या वहीत उतरवायच्या. माणशी १३५ लिटर हा आकडा पेठेतल्या माणसाला लागू पडतो की नाही ते त्यावरून कळेल, आणि पाच घरं करायची की चार, ते तेव्हा ठरेल.